क्राफ्टवेर्कच्या मैफलीला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाच्या दौऱ्याच्या तारखा जाहीर झाल्या की युरोपात शिकायला आलेले, नोकरीनिमित्त आलेले आणि सुट्टीला यायच्या बेतात असलेले मित्र-मैत्रिणी साधारण हेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं माहितीची आहेत, काही निव्वळ माझी मतं. कुठलं काय ते वाचताना कळेलच.

हे लोक नक्की कोण? मी नावसुद्धा ऐकलेलं नाही.

नाव नसेल ऐकलं, संगीत मात्र नक्की ऐकलं आहे, फक्त दुसऱ्यांच्या हातून आलेलं. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोन तरुणांनी 1970 साली ड्यूसेलडॉर्फमध्ये हा गट सुरू केला. दोघंही रीतसर संगीत शिकलेले. श्नायडर तर बासरीवाला. हळूहळू बासरी, व्हायोलिन, गिटार बाजूला पडत गेलं आणि सिंथेसायझर, घरी जोडलेले इलेक्ट्रॉनिक ड्रम, माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारा व्होकोडर हीच त्यांची वाद्यं झाली. 1974 च्या ‘आउटोबान’ने त्यांना जगभर पोचवलं. त्याचं शीर्षकगीत बावीस मिनिटांहून मोठं, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारं. विषय काय, तर महामार्गावरून गाडी चालवणं! पुढे ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी’ (1975), ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ (1977), ‘द मॅन-मशीन’ (1978) आणि ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ (1981).

न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाने 1982 मध्ये ‘प्लॅनेट रॉक’ केलं, त्यात यांचीच धून आणि यांचाच ठेका होता. हिप-हॉपचा एक मोठा फाटा तिथून फुटला. डेट्रॉइटचं टेक्नो, म्हणजे यंत्रांवर रचलेलं नाचाचं संगीत, तेही यांचं ऋण उघडपणे मानतं. त्याच 1982 साली मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर रागांची डिस्को तबकडी बनवत होते. तिला लोकांनी डोक्यावर घेतलं ते जवळजवळ तीस वर्षांनी, पुन्हा प्रकाशित झाल्यावर. ती ऐकून बघा. यांच्याशी तिचा थेट संबंध नाही, पण यंत्रासमोर बसलेला माणूस काय काय करू शकतो याचं ते घरचं उदाहरण आहे.

मूळच्या लोकांपैकी आता कोण आहे?

एकटा ह्यूटर. त्याचा जन्म 1946 चा. श्नायडर 2008 मध्ये बाहेर पडला आणि 2020 च्या एप्रिलमध्ये गेला. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या चौकडीतले वोल्फगांग फ्ल्यूर आणि कार्ल बार्टोस तर त्याच्याही खूप आधी, 1980 चं दशक संपता संपता आणि 1990 च्या सुरुवातीला सोडून गेले. आता ह्यूटरबरोबर हेनिंग श्मित्स, फाल्क ग्रिफेनहागेन आणि गेओर्ग बोंगार्ट्स उभे असतात. श्मित्स नवा नाही, कित्येक दशकं याच घरात आहे. आधी ध्वनीचं तांत्रिक काम, मग मंचावर.

‘मग हे खरं क्राफ्टवेर्क का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. माझं मत असं, की या गटाने पहिल्यापासून चेहऱ्यांपेक्षा कामाला पुढे ठेवलं. आपल्या जागी यंत्रमानव उभे केले, छायाचित्रांसाठी पुतळे पाठवले. माणसं बदलली तरी काम चालू राहावं हे त्यांच्या कल्पनेतच आहे. पण आवाज ह्यूटरचा आहे, आणि तो आवाज अजून रोज नव्याने गातो आहे. म्हणून ‘पुढच्या दौऱ्याला बघू’ म्हणणाऱ्यांना मी सांगतो, याच दौऱ्याला जा.

खरंच वाजवतात, की टेप लावून उभे राहतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्यात कुत्सितपणा असतो हेही खरं. चार माणसं चार मेजांमागे उभी. हालचाल जवळपास नाही. मेजाच्या आत काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही. शंका येणारच.

आधी काय यंत्रावर असतं ते सांगतो. ठेके, क्रमाने फिरणारे बास, कोरस, हे सगळं आधी रचून ठेवलेलं असतं. ते नाकारण्यात अर्थ नाही आणि तेही नाकारत नाहीत; यंत्राकडून यंत्राचं काम करून घेणं हाच तर मुद्दा. 1981 च्या जगदौऱ्यात त्यांनी आपला अख्खा क्लिंग क्लांग स्टुडिओ उचलून मंचावर मांडला होता, कपाटंच्या कपाटं. 2002 पासून तो लॅपटॉपमध्ये मावला आणि मंचावर उरली ती चार सडपातळ मेजं.

आता जिवंत काय असतं. ह्यूटर डाव्या टोकाला, म्हणजे आपल्या डाव्या हाताला. तो गातो, आणि मुख्य धून हाताने वाजवतो. वाजवताना चूकही होते. ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ची ती चढत जाणारी ओळ कधी केसभर उशिरा येते, आणि ती तशी आली की मला हमखास बरं वाटतं. बाकीचे तिघं आवाजाचे थर आत-बाहेर करत असतात, फिल्टर उघडतात-मिटतात, एखादा घणाचा ठोका चार आवर्तनं जास्त चालू ठेवतात. ग्रिफेनहागेन पडद्यावरची चित्रं संगीताबरोबर चालवतो. शक्य असेल तर पुढच्या रांगांतून ह्यूटरच्या पायाकडे बघा. कमरेच्या वर माणूस पुतळ्यासारखा, खाली टाच सतत ताल धरून असते, मधूनच गुडघा लवतो. एखाद्या गाण्यात मान किंचित कलते, शेजारच्याकडे एक कटाक्ष जातो, आणि पुढच्या क्षणी झांजेचा आवाज बदलतो. ते त्यांचं बोलणं.

आणि शेवट आहे. ‘म्युझिक नॉन स्टॉप’ चालू असताना उजव्या टोकाचा गडी आपल्या मेजावर एक छोटी उपज करतो, बाजूला येतो, वाकून नमस्कार करतो आणि निघून जातो. मग पुढचा. प्रत्येकाची उपज वेगळी, आणि प्रत्येक जण गेल्यावर संगीतातून नेमकं काय वजा झालं ते ऐकू येतं. दोन तास ज्यांच्यावर ‘नुसते उभे आहेत’ असा आरोप करत होतात, ते काय करत होते याचा हिशेब तिथे चुकता होतो. ह्यूटर सगळ्यांत शेवटी जातो.

मग दोन तास बघायचं काय?

मागचा भलामोठा पडदा. त्यावरची चित्रं ही सजावट नाही, गाण्याचाच भाग आहेत. ‘नंबर्स’मध्ये हिरवे आकडे कोसळतात. ‘द मॅन-मशीन’मध्ये लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्या, रशियन चित्रकार एल लिसित्स्कीच्या वळणाच्या, जशा त्या तबकडीच्या वेष्टनावर होत्या. ‘आउटोबान’ला मोकळ्या रस्त्यावर जुनी फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. ‘द मॉडेल’ला जुन्या काळातल्या फॅशन शोची कृष्णधवल चित्रफीत, ‘तूर द फ्रान्स’ला सायकल शर्यतीची. ‘व्हिटॅमिन’मध्ये रंगीत गोळ्या संथपणे पडत राहतात. बस, बाकी काही नाही, आणि तरी बघत राहावंसं वाटतं.

‘स्पेसलॅब’ आलं की मोबाईल खिशात ठेवा आणि नीट बघा. यान पृथ्वीभोवती फिरतं, मग नकाशात तुमचं शहर येतं, आणि उडती तबकडी तुम्ही बसला आहात त्या सभागृहाच्या किंवा गावातल्या एखाद्या ओळखीच्या इमारतीच्या दारात उतरते. प्रत्येक गावासाठी हे वेगळं केलेलं असतं. एरवी हूं की चूं न करणारा जर्मन प्रेक्षक इथे शाळेतल्या पोरांसारखा ओरडतो. 20 जुलै 2018 ला श्टुटगार्टमध्ये तर याहून पुढची मजा झाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट पडद्यावर आला, श्लॉसप्लाट्झ या चौकात जमलेल्यांना नमस्कार केला, आणि हातातल्या टॅबलेटवर गटाच्या साथीने ‘स्पेसलॅब’ची धून वाजवली.

गटाचे पोशाख म्हणजे अंगाला घट्ट, रेषांच्या जाळीचे सूट. गाण्यागणिक रेषांचे रंग बदलतात, मेजांच्या कडाही त्याच रंगात उजळतात. ‘द रोबोट्स’ला कधी पडदा पडून चौघांच्या जागी चार यांत्रिक पुतळे हात हलवताना दिसतात, कधी ते नुसते पडद्यावर असतात. दौऱ्यावर आणि जागेवर अवलंबून आहे.

3-डी चष्मा मिळतो ना?

2012 नंतर जवळजवळ दशकभर मिळत होता, दारातच, कागदी पाकिटात. अलीकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत नाही. तिकिटावर किंवा जाहिरातीत ‘3-डी’ असं लिहिलेलं असेल तरच धरून चला. नसेल तर हळहळू नका. चष्म्यामुळे आकडे नाकाशी येतात हे खरं, पण नंबरचा चष्मा लावणाऱ्यांना त्यावर हा दुसरा चढवून दोन तास काढणं काही सुखाचं नव्हतं.

कोणती गाणी होतात?

थोडाफार बदल सोडला तर ठरलेली. सुरुवात बहुतेक वेळा ‘नंबर्स’ आणि ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ने, शेवट ‘म्युझिक नॉन स्टॉप’ने. मध्ये वर आलेली सगळी, शिवाय ‘कॉम्प्युटर लव्ह’, ‘निऑन लाइट्स’ आणि ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’. नवीन गाण्यांची वाट बघू नका. नव्या रचनांचा त्यांचा शेवटचा अल्बम 2003 चा. त्यानंतर 2017 मध्ये जुन्याच आठ अल्बमांचं 3-डी कार्यक्रमांतलं ध्वनिमुद्रण आलं आणि त्याला 2018 चं ग्रॅमी मिळालं.

तरी ही गाणी गोठलेली नाहीत. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’चंच बघा. 1975 मध्ये ते किरणोत्सर्गाबद्दल आणि रेडिओबद्दल एकाच वेळी बोलणारं, जरा खेळकर, कुठलीच बाजू न घेणारं गाणं होतं. 1991 मध्ये त्यात ‘थांबवा’ आलं, आणि चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफिल्ड, हिरोशिमा ही अणुसंकटांशी जोडलेली नावं आली. 2012 मध्ये टोकियोजवळच्या अणुऊर्जाविरोधी मैफलीत फुकुशिमा आलं, जपानी शब्दांसह. त्या शब्दांसाठी मदत केली होती जपानी संगीतकार र्‍यूइची साकामोतोने. तो 2023 मध्ये गेला. अलीकडच्या दौऱ्यांत या गाण्याच्या आधी ह्यूटर आपल्या या मित्राचं नाव घेतो आणि गट त्याची एक धून वाजवतो. संपूर्ण रात्रीत ह्यूटर गाण्याबाहेरचं काही बोलत असेल तर ते बहुधा एवढंच. कोकणातून आलेल्या माझ्या एका मित्राला ती गावांची यादी पडद्यावर बघताना जैतापूर आठवलं. कोणाला काय आठवेल सांगता येत नाही.

जर्मन येत नाही. अडेल का?

अजिबात नाही. गाणी जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत आहेत. मध्येच फ्रेंच, जपानी, आणि ‘द रोबोट्स’मध्ये रशियनही. शब्द मोजकेच, अर्धे पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले. ‘नंबर्स’ हे तर निरनिराळ्या भाषांतले आकडेच आहेत.

तिकीट कसं काढायचं? किती आधी?

तारखा गटाच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात, तिथूनच विक्रीच्या दुव्यावर जा. जर्मनीत बहुतेक विक्री इव्हेंटिम या संकेतस्थळावर होते. विक्री सुरू होण्याआधी खातं उघडून, पत्ता आणि कार्ड भरून ठेवा. भारतीय कार्ड वापरणार असाल तर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू केलेले आहेत का ते आदल्या दिवशी बघा. ओटीपी येईपर्यंत कार्टमधली वेळ संपली, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सल्ला देतो: जर्मनीत कोणी ओळखीचं असेल तर त्याला काढायला सांगा.

मोठ्या मैदानी कार्यक्रमांना शेवटपर्यंत तिकिटं मिळतात. संग्रहालयं आणि छोटी नाट्यगृहं यांची गोष्ट वेगळी. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्रींत आठ अल्बम सादर केले. पुढच्या वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही तेच. टेटच्या तिकिटांसाठी इतकी झुंबड उडाली की विक्रीची यंत्रणाच कोलमडली होती.

हातोहात विकणाऱ्यांकडून आणि पुनर्विक्रीच्या अनोळखी संकेतस्थळांवरून घेऊ नका. तिकिटावर नाव छापलेलं असू शकतं, आणि दारात ओळखपत्र मागितलं तर वाद घालून उपयोग नसतो. अधिकृत विक्रेत्याचीच पुनर्विक्रीची सोय असते. कार्यक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात तिथे नजर ठेवा, आजारपणं आणि रद्द झालेले बेत तिथेच येऊन पडतात.

बसायचं की उभं राहायचं?

सोय असेल तर उभं राहायचं, आणि पुढे घुसायचं नाही. मैदानाच्या मध्यावर, थोडं मागे, ध्वनिनियंत्रणाचा कक्ष असतो. त्याच्या जरा पुढे, मध्यरेषेवर उभं राहा. तिथे आवाज सगळ्यांत नीट लागतो, कारण मिश्रण करणारा माणूस तेच ऐकून काम करत असतो, आणि अख्खा पडदा नजरेत मावतो. अगदी पुढून चौघं छान दिसतात, पडदा मात्र तुटक दिसतो. ज्यांना ह्यूटरची टाच बघायची आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

बैठकीचं सभागृह असेल तर बाल्कनीची पहिली रांग. पैसेही बऱ्याचदा कमी लागतात. अगदी कडेच्या जागा टाळा, विशेषतः 3-डी कार्यक्रमाला.

भारतातून येतोय. व्हिसाचं कसं?

शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांना चालणारा, अल्प मुदतीचा पर्यटक व्हिसा पुरतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. प्रत्यक्षात अडचण अर्जाची नसते, भेटीची वेळ मिळण्याची असते, आणि उन्हाळ्यात ती फार असते. किमान 30,000 युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण बंधनकारक. मैफलीचं तिकीट प्रवासाच्या कारणाचा एक कागद म्हणून जोडा. त्यावर व्हिसा मिळत नाही, पण बेत खरा आहे एवढं तरी दिसतं. आणि फक्त दोन तासांच्या कार्यक्रमासाठी एवढा खर्च करू नका. आजूबाजूला आठ-दहा दिवसांचा प्रवास बांधा.

किती वाजता पोचायचं?

तिकिटावर दोन वेळा असतात: दारं उघडण्याची आणि सुरू होण्याची. दुसरी वेळ गांभीर्याने घ्या. बहुतेक वेळा आधी दुसरा कोणी गात नाही, मध्यंतर नसतं, आणि ‘प्रमुख पाहुण्यांचं आगमन होईपर्यंत’ वगैरे प्रकार नाही. ‘नंबर्स’ चुकलं की चुकलं.

मोठी बॅग नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी ए-4 कागदापेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत. हिवाळ्यात कोट ठेवायच्या खोलीचे पैसे पडतात आणि कार्यक्रम सुटल्यावर तिथे भलीमोठी रांग लागते. पेयाच्या पेल्यावर अनामत घेतात, पेला परत केला की पैसे परत. सुटे युरो जवळ असू द्या.

कानांना त्रास होईल का?

जर्मनीत यासाठी मानक आहे: प्रेक्षकांत अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे हे काहीच नाही, पण दोन तास सलग कमीही नाही. फोमचे बोळे बऱ्याच सभागृहांत मागितले की फुकट मिळतात. पण ते वरच्या पट्टीचे स्वर खाऊन टाकतात आणि यांच्या संगीताची निम्मी गंमत त्या बारीक टिकटिकीत आहे. दहा-वीस युरोंचे संगीतासाठीचे बोळे आधी घेऊन ठेवा. आवाज एकंदर स्वच्छ असतो. खालचे सूर छातीत जाणवतात पण कलकलाट होत नाही.

काय घालून जाऊ?

काहीही. लाल शर्ट आणि काळा टाय घालून आलेले चार-दोन जण हमखास दिसतील, ‘द मॅन-मशीन’च्या वेष्टनाला मान म्हणून. पायात उभं राहता येईल असं काहीतरी.

दाद कशी द्यायची? नाचलं तर चालतं का?

आपल्या लोकांची खरी पंचाईत इथे होते. आपली दाद समोरासमोरची असते. गायकाने जागा घेतली की मान हलते, ‘क्या बात है’ जातं, तो बघतो, हसतो, आणखी एक जागा घेतो. इथे समोरचा बघतच नाही. ‘नमस्कार ड्यूसेलडॉर्फ, कसे आहात’ नाही, हात वर करा नाही, माझ्याबरोबर गा नाही. पहिली वीस मिनिटं मराठी माणूस अस्वस्थ होतो. मी शेजारी उभं राहून पाहिलं आहे. मग ‘आउटोबान’च्या मध्यावर कुठेतरी तो कलाकारांकडे बघणं सोडून देतो आणि ऐकायला लागतो. चौघं स्वतःला इतकं मागे घेतात की पुढे फक्त काम उरतं. माझ्या मते या मैफलीचं सगळं मर्म त्यात आहे, आणि घरी हेडफोन लावून ते कळत नाही.

टाळ्या गाणं संपल्यावर, आणि काही गाण्यांत चित्र बदलताच. नाचायला काहीच हरकत नाही. उभ्या प्रेक्षकांत ‘तूर द फ्रान्स’पासून लोक हलायला लागतात आणि ‘बोइंग बूम चाक’पर्यंत साठीतले गृहस्थसुद्धा खांदे उडवत असतात. बैठकीच्या सभागृहात मागच्याचा पडदा अडवू नका, खुर्चीतल्या खुर्चीत डोला.

वन्स मोअर नाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्यांनी ओरडून बघायला हरकत नाही. पुढचं गाणं मात्र ठरलेलंच येईल.

फोटो, व्हिडिओ?

बहुतेक ठिकाणी फोनला बंदी नसते, फ्लॅश आणि मोठे कॅमेरे चालत नाहीत. सुरुवातीला दोन-तीन फोटो काढून मोकळे व्हा. 3-डी असेल तर फोनमध्ये दुहेरी, धुरकट चित्र येतं, उपयोग शून्य.

मुलांना किंवा आई-बाबांना नेऊ का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं मजेत बघतात: रोबो, आकडे, यान, गाडी, सगळं त्यांचंच आहे. कानांवर मुलांचे ध्वनिरोधक हेडफोन हवेतच. वयाचा नियम जागेप्रमाणे बदलतो, तिकीट घेतानाच वाचा.

आई-बाबांसाठी बैठकीची जागा घ्या. प्रेक्षकांत त्यांच्या वयाचे भरपूर असतात, त्यामुळे अवघडल्यासारखं होणार नाही. माझ्या ओळखीच्या एका काकूंना, ज्यांचं ऐकणं किशोरीताई आणि माणिकबाई यांच्यापलीकडे फारसं गेलेलं नाही, ‘निऑन लाइट्स’ मनापासून आवडलं. ‘द रोबोट्स’च्या वेळी त्या पर्समधल्या औषधांच्या गोळ्या मोजत होत्या.

जाण्याआधी काय ऐकू?

वेळ कमी असेल तर 2005 चा ‘मिनिमम-मॅक्सिमम’ हा थेट मैफलींचा संच, कारण गाणी आजही साधारण त्याच बांध्याने वाजतात. वेळ असेल तर ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ आणि ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’, दोन्ही अथपासून इतिपर्यंत, क्रमाने. ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ पस्तीस मिनिटांचासुद्धा नाही. घरोघरी संगणक यायच्या आधी, 1981 मध्ये, त्यात बँका, पोलीस, माहितीचे साठे आणि एकटेपणात पडद्यासमोर बसलेला माणूस हे सगळं येऊन गेलं आहे. त्या दौऱ्यात ‘पॉकेट कॅल्क्युलेटर’च्या वेळी ते हातात मावणारी वाद्यं घेऊन मंचाच्या कडेला यायचे आणि पुढच्या रांगेतल्यांना बटणं दाबू द्यायचे. आता हे होत नाही, आणि मला ते फार चुकल्यासारखं वाटतं.

ड्यूसेलडॉर्फमध्ये त्यांचा स्टुडिओ बघता येतो का?

जुना क्लिंग क्लांग मिंट्रोपश्ट्रासेवर होता, मुख्य स्थानकापासून चालत काही मिनिटांवर. बाहेरून बघता येतो, आत नाही, आणि बाहेरून बघण्यासारखं विशेष काही नाही: स्थानकाजवळच्या कळकट भागातली एक साधी इमारत. गट कधीच शहराबाहेर हलला. घंटा वाजवू नका, तिथे आता दुसरी माणसं काम करतात. त्यापेक्षा वेळ असेल तर ऱ्हाइनच्या काठावरून एर्नहोफपर्यंत चालत जा. 2017 मध्ये तूर द फ्रान्स शर्यतीची सुरुवात ड्यूसेलडॉर्फहून झाली, तेव्हा त्यांनी घरच्या गावात तिथल्या मोकळ्या आवारात मैफल केली. ह्यूटर सायकलचा वेडा, त्यामुळे ही जुळणी अगदीच पक्की होती. 2009 मध्ये मँचेस्टरच्या सायकल स्टेडियममध्ये तर गाणं चालू असताना ब्रिटनचे ऑलिम्पिक सायकलपटू प्रेक्षकांभोवती फेऱ्या मारत होते.

तिकीट मिळालंच नाही तर दुसरं काय?

टॅन्जरीन ड्रीम अजून दौरे करतात. 1967 चा हा जर्मन इलेक्ट्रॉनिक गट. संस्थापक एडगर फ्रोझे 2015 मध्ये गेला, पण पुढच्या पिढीने तो नेटाने चालवला आहे. त्यांच्या मैफलीत उत्स्फूर्त वादनाचा भाग मोठा असतो, म्हणजे आपल्या कानाला कदाचित जास्त जवळचा. कार्ल बार्टोस 1920 च्या मूकपटाला, ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी’ला, स्वतः रचलेलं संगीत घेऊन फिरला आहे. जवळपास कुठे लागलं तर सोडू नका. फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार हा प्रकारच वेगळा, तिथे मुद्दा भव्यतेचा आहे आणि तो कधी लपवत नाही.

कार्यक्रम सुटल्यावर परत कसं यायचं?

बऱ्याच जर्मन शहरांत मैफलीच्या तिकिटावरच त्या दिवसाचा स्थानिक प्रवास फुकट असतो. तिकिटावर तसं छापलेलं असतं, आणि पीडीएफ फोनमध्ये उघडी ठेवली की झालं. आंतरशहर गाड्यांना ही सवलत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या उशिरा धावणं आता नेहमीचं झालं आहे, तेव्हा रात्री अकराच्या जोडगाडीवर भिस्त ठेवू नका. त्याच गावात मुक्काम करा. टी-शर्ट आणि पोस्टर घ्यायचे असतील तर आत शिरतानाच घ्या, बाहेर पडताना मधले आकार संपलेले असतात.